बाईंनी पाडलेला पाऊस

बाई कुणाकडे नीट बघायला लागल्या की त्यांचा डावा डोळा मिटायचा. डोळ्यात दोष काही नव्हता. दहा-बारा वर्षं उजवा डोळा कॅमेऱ्याला लावून काढल्यामुळे डाव्याला ती सवयच लागली होती. एखादा चेहरा मनात भरला की हा डोळा आपला बंद. मुंबईत म्हणे तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण आमच्या बीड जिल्ह्यात, दिवसाढवळ्या, पारावर बसलेल्या सत्तरीच्या सरपंचाकडे बघून पॅन्ट-शर्टातली एक बाई डोळा मिटते म्हटल्यावर काय होणार? सरपंचांनी आधी मागे वळून बघितलं, मागे कुणी आहे का. मग मिशीवरून हात फिरवला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ओ रिपोर्टर, म्याडमला काय म्हणायचं हाय?"

"काही नाही काका, उजेड बघतायत."

"माझ्या तोंडावर?"

मला घाम फुटला. बाई मात्र त्या म्हाताऱ्याभोवती अर्धी फेरी मारून आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काका, जरा सरका उन्हाकडं. तुमच्या सुरकुत्या लई भारी हायत." सरपंच सरकले. त्यांच्या कारभारीणबाई दारातून हे सगळं बघत होत्या. त्या गावात पुन्हा बातमीला जायची माझी छाती झाली नाही.

मी हबकणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नियमानं वागावं, चार लोकांत मान खाली जाईल असं काही करू नये, साहेबाला साहेब म्हणावं, एवढंच मला कळतं. अशा माणसाच्या वाट्याला ही बाई आली. तिनं मला किती वेळा हादरवलं याची मोजदाद मी सोडून दिली आहे. शेवटचा हादरा तर इतका जबर होता, की त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

त्या दिवसांत मी एका वृत्तवाहिनीचा बीडचा बातमीदार होतो आणि बाई कॅमेरा चालवायच्या. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठ्या. मी त्यांना 'बाई' म्हणायचो, त्या मला 'रिपोर्टर' म्हणायच्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ओळख करून देताना मी म्हणायचो, "ह्या माझ्या कॅमेऱ्यावर असतात." एकदा कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवरच त्यांनी मला थांबवलं.

"तुझा माईक हाय. कॅमेरा माझा हाय. ध्यानात ठिव."

पण जिल्ह्याला ते पटत नव्हतं. कॅमेरा बाईंच्या खांद्यावर, दिवा बाईंच्या हातात, आणि पुढाऱ्याचा माणूस मला विचारायचा, "कॅमेरामन कुठंय हो? साहेबांना घाई आहे." बाई म्हणायच्या, "येतोय मागून." आणि तो यायच्या आत काम उरकून मोकळ्या व्हायच्या. पुढे पुढे लोकांनी आपल्यापुरता उलगडा करून घेतला, की खरा कॅमेरा रिपोर्टरच चालवतो, बाई नुसती धरून उभी राहते. एका पतसंस्थेच्या संचालकांनी तर मला चहा पाजून विचारलं, "वजन बाईला उचलायला लावता आन् बटणं तुमी दाबता, खरं का न्हाई?" मी हसलो. नाही म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं होतं.

बाईंच्या कानावर हे सगळं यायचं. त्यांना पगाराचं, कपड्यालत्त्याचं, लग्नाचं कशाचंच फारसं पडलेलं नव्हतं. एकच गोष्ट हवी होती. पडद्यावर जे दिसतंय ते मी धरलंय, माझ्या हातानं धरलंय, एवढं लोकांनी मानावं. त्यासाठी ती बाई उपाशी राहिली असती.

मूळच्या त्या धारूरच्या. वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या पत्र्याला एक भोक होतं आणि दुपारी त्यातून उन्हाची तिरीप आत उतरायची. लहानपणी दळणाचे डबे सरकवता सरकवता बाई त्या तिरिपीकडे बघत बसायच्या. गिरणी बंद असली की ती दिसत नसे. गिरणी सुरू झाली, पीठ उडालं, की पत्र्यापासून जमिनीपर्यंत उभी राही. "उजेड दिसत न्हाई रिपोर्टर," त्या मला सांगायच्या, "उजेडाला अंग लागतं. पीठ लागतं, धूळ लागती, धूर लागतो." म्हणून आमची जीप कच्च्या रस्त्याला लागली की मी काचा वर करायचो आणि त्या खाली करायच्या. माझ्या तीन सदऱ्यांचा रंग त्या भांडणात गेला.

शिकायला म्हणून बीडला आल्या आणि एका चाचांच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्ह धुवायच्या कामाला लागल्या. मुसलमान घरांतल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालायचा नाही, आणि व्हिडिओ तर सगळ्यांनाच हवा होता. चाचांनी एक दिवस कॅमेरा उचलून हिच्या हातात दिला. "बेटी, गिराना नक्को. बाकी अल्ला मालिक हाय." तिथून पुढे जिल्ह्यातल्या हळदी, मेंदी, न्हाणं सगळं बाईंकडे आलं. पण तिथंही यांचं आपलंच. एका लग्नात यांनी अर्धा तास नवरदेवाकडे ढुंकूनही बघितलं नाही. चुलीपाशी पुऱ्या लाटत बसलेल्या सात-आठ बायकांचे नुसते हात टिपले. नवरदेवाचे मामा स्टुडिओत येऊन कडाडले, "आमचा पोरगा कुठाय यात?" बाई म्हणाल्या, "पोरगं काय, उद्या बी दिसंल. पुऱ्या संपल्या." चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. मामा गेल्यावर मात्र तो अर्धा तास त्यांनी दोनदा चालवून बघितला, असं बाई सांगायच्या.

मग आला तो दुष्काळ. सलग दुसरं वर्ष. गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडे एक गाव आहे, तिथे चौथ्या दिवशी टँकर यायचा. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईंनी काय करावं? पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक जाडजूड टॉवेल भर रस्त्यात भिजवला आणि कॅमेऱ्यावर टाकला. वर काळी छत्री धरली. कॅमेरा सावलीत, बाई उन्हात. हंडे घेऊन बसलेल्या बायका आ वासून बघत राहिल्या. मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. एक म्हातारी पुढे आली. "आगं, यंत्राला आंगुळ घालतीस व्हय? हितं मानसाला न्हाई."

"माझ्या वाटचं हाय आजी, पियाचं," बाई म्हणाल्या. "तापलं तर बंद पडतंय ते. मग तुमचं टँकर कोन दाखविल?"

आणि खरोखरच संध्याकाळी बीडला पोचेपर्यंत त्या पाण्याचा थेंब प्यायल्या नाहीत. मी माझी बाटली पुढे केली तर म्हणाल्या, "तुझी तू पी. बोलायचं काम तुझं हाय." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकदम.

त्याच गावाच्या माळावर एका सहकारी दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. दुष्काळात लोकांनी आपली गुरं आणून तिथे दावणीला बांधायची, चारा-पाणी छावणीनं बघायचं. आजूबाजूच्या पाच गावांची जनावरं तिथे होती. ती टँकरवाली म्हातारीही आपली गाभण गाय घेऊन तिथेच मुक्कामाला होती. मुलगा आणि सून कामाच्या शोधात पुण्याकडे गेलेले. म्हातारीला काय ती गाय. जून लागला होता. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता आणि छावणी पुढे चालणार की बंद होणार याची सगळ्यांना धाकधूक होती. आम्ही त्याचीच बातमी करायला गेलो.

आता इथे कॅमेऱ्याची एक भानगड सांगावी लागेल. कॅमेऱ्याला आपले आपण रंग कळत नाहीत. उजेड बदलला की त्याच्यासमोर काहीतरी पांढरं धरायचं आणि एक बटण दाबायचं. मग 'हे पांढरं' असं धरून तो बाकीचे रंग लावतो. त्याच्यापुढे भलताच रंग धरला तर तो बिचारा त्यालाच पांढरं मानतो आणि सगळं चित्र दुसऱ्या रंगाकडे ढकलतो. आम्ही याला 'पांढरं घेणं' म्हणायचो. दोन वर्षांत बाईंनी मला कॅमेऱ्याचं तेवढं एकच काम शिकवलं होतं.

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर, छत्रीखाली. बाई दावणीपाशी बायकांत जाऊन बसल्या होत्या. माणसं सरावल्याशिवाय त्या कॅमेऱ्याला हात लावत नसत. तिथूनच ओरडल्या, "रिपोर्टर, ऊन चढलं! पांढरं घिऊन ठिव!"

रोज मी माझ्या वहीचा कोरा कागद धरायचो. वही जीपमध्ये राहिली होती आणि जीप पार टोकाला, लिंबाखाली. कोण जाणार एवढ्या उन्हात? मी जमलेल्या लोकांना म्हणालो, "कुणाकडं पांढरं काही आहे का? जरा पांढरं दाखवा."

पुढे उभ्या असलेल्या दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, घड्या घातल्या आणि खिशात टाकल्या. मला काही कळेना. शेवटी एक जण म्हणाला, "सायब, आमच्यात कुनाचंच पांढरं न्हाई. समद्यांचं पिवळंच हाय. पायजे तर चावडीत इचारा."

रेशनकार्डाचं म्हणत होते ते! गरिबाचं कार्ड पिवळं, खाऊन-पिऊन सुखी असलेल्याचं पांढरं. शहरातून माणसं आली, कॅमेरा घेऊन आली आणि 'पांढरं दाखवा' म्हणतायत, म्हणजे सुखवस्तू कोण ते हुडकून त्याची गुरं छावणीतून काढणार. म्हणूनच पांढऱ्या टोप्याही खिशात गेल्या होत्या. मी समजावत होतो, पण ऐकतं कोण? इतक्यात ती म्हातारी माणसं बाजूला सारत आली. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून तिनं थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलं.

"बगा, पिवळं हाय. खोटं न्हाई बोलत. माजी गाय काडू नगा."

कार्ड जुनं होतं, विटलेलं होतं, आणि त्या उन्हात मला ते जवळजवळ पांढरंच वाटलं. चालतंय, म्हटलं. आणि मी बटण दाबलं.

बाई आल्या, डोळा लावला आणि तासभर मन लावून काम केलं. त्या काळी कॅमेऱ्यात डोळा घातला की आत चित्र काळं-पांढरंच दिसायचं, त्यामुळे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. टेप आम्ही फाट्यावर औरंगाबादच्या एस्टीत कंडक्टरच्या हवाली केली. तिथून ती पुढे मुंबईला जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बीडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा पीत होतो. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. राज्यातल्या पावसाची बातमी लागली, कोकण झालं, कोल्हापूर झालं, आणि एकदम आमची छावणी पडद्यावर आली. निळीसावळी! तो जळका माळ ओलसर दिसत होता, आभाळ दाटून आल्यासारखं वाटत होतं, गुरांच्या पाठीवर गार उजेड पडला होता. पिवळ्याला पांढरं मानून कॅमेऱ्यानं सगळं चित्र निळ्यात बुडवलं होतं. मुंबईत बसलेल्या कुणीतरी ते बघून माझी बातमी बाजूला ठेवली होती आणि तेवढा सात-आठ सेकंदांचा तुकडा उचलला होता. निवेदिका सांगत होती की मराठवाड्यातही आभाळ भरून आलं असून बळीराजा सुखावला आहे.

बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळे उघडे होते. मी चहात काहीतरी पडलंय का ते शोधत बसलो.

संध्याकाळपर्यंत निरोप आला. छावणी चालवून चालवून दूध संस्थेचे चेअरमन मेटाकुटीला आले होते, त्यांना निमित्तच हवं होतं. टीव्हीवर पाऊस दिसला म्हटल्यावर त्यांनी फळ्यावर लिहून टाकलं, की सोमवारपर्यंत आपापली जनावरं घरी न्यावीत. शनिवारी तालुक्याचे साहेब येणार आणि शिक्कामोर्तब होणार.

शनिवारी सकाळी मी म्हणालो, "बाई, आपण आता तिकडं फिरकायला नको." त्या तोवर जीपमध्ये बसल्या होत्या.

गावात शिरलो तर लोकांनी जीप अडवली. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्यापेक्षा ते परवडलं असतं. म्हातारी पुढे आली आणि बाईंचा दंड धरून म्हणाली, "बाई, तू आमच्या गावात पाऊस पाडलास म्हनं. कुटं पाडलास गं? मला बी दाव. गाईला पाजते."

बाईंचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. त्या म्हातारीला म्हणाल्या, "तुमचं कार्ड घिऊन चला माझ्यासंगं."

दूध संस्थेच्या कार्यालयात बैठक भरली होती. टेबलामागे तालुक्याचे साहेब, शेजारी चेअरमन, खिडक्यांना लोक लोंबकळलेले. बाई सरळ आत गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "टीव्हीवर दिसलं ते खोटं हाय. पाऊस न्हाई, ढग न्हाई. कॅमेऱ्यात पांढरं घ्यायचं ते पिवळ्यावर घेतलं. चूक माझी हाय."

मी दारात उभा होतो. एक पाऊल पुढे टाकून 'चूक माझी आहे' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. घरी बायकोचे दिवस भरत आले होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि... आणि काय? मी गप्प राहिलो. संस्थेचे सचिव खाली बघून पुटपुटले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाईमानसाच्या हातात यंत्र दिल्यावर दुसरं काय व्हनार?" बाईंनी तेही गिळलं.

मग त्यांनी संस्थेच्या टीव्हीला कॅमेऱ्याची वायर जोडली, कॅमेरा खिडकीतून बाहेरच्या माळाकडे वळवला आणि म्हातारीचं कार्ड उन्हात धरायला लावून बटण दाबलं. टीव्हीत माळ निळा झाला. लोक ओरडलेच. खिडकीबाहेर रखरखीत ऊन आणि आत पडद्यावर आभाळ दाटलेलं! एक म्हातारा तर दोनदा बाहेर बघून आला.

"आता पांढऱ्यावर दाखविते," बाई म्हणाल्या आणि टेबलाकडे वळल्या. "चेअरमनसायब, तुमची टोपी पायजे."

भरसभेत चेअरमनची टोपी मागायची? आमच्याकडे टोपीवरून डोकी फुटलेली आहेत. चेअरमनचा चेहरा लाल झाला. "टोपी? माझी?"

"काढू नका. डोक्यावरच आसू द्या. नुसतं भाईर उन्हात जाऊन हुबं ऱ्हावा."

साहेबांनी मान हलवली, म्हणून बिचारे गेले. कडक इस्त्रीची, नीळ घातलेली शुभ्र टोपी. बाईंनी ती हळूहळू जवळ आणली, इतकी की सगळा टीव्ही टोपीनं भरून गेला. खिडकीतली माणसं फिसफिसायला लागली. बाहेर चेअरमनना काहीच दिसत नव्हतं, ते त्या भट्टीत उभे राहून दर मिनिटाला विचारत होते, "झालं का?" बाई म्हणायच्या, "थांबा वाईच." मग त्यांनी बटण दाबलं आणि चित्र मागे नेलं.

पडद्यावर माळ उभा राहिला. पिवळाजर्द, करपलेला, नजर ठरेना असा. गुरांच्या बरगड्यांवरून ऊन ओघळत होतं. म्हातारी टीव्हीजवळ जाऊन म्हणाली, "ह्यो हाय आमचा गाव." चेअरमन घामानं निथळत आत आले, खुर्चीत बसले, आणि साहेबांनी विचारायच्या आत म्हणाले, "राहू द्या छावणी. लई ऊन हाय."

परतीच्या वाटेवर बाई खुशीत होत्या. म्हणाल्या, "त्या टोपीत नीळ लई होती रे."

"मग?"

"मग काय? निळसर दिसतंय त्याला पांढरं मानलं, की चित्र पिवळं पडतंय. ऊन आपल्याला दिसतंय त्याच्यापरीस जास्तच दिसलं त्यांना."

मी जीप थांबवली. "म्हणजे तुम्ही पुन्हा खोटं दाखवलं?"

"पहिलं चुकून. दुसरं मी केलं," बाई म्हणाल्या. "चालव गाडी." मी हादरून गेलो होतो. आजही मला ठरवता येत नाही, की त्यांनी केलं ते बरोबर की चूक. गाय मात्र छावणीतच व्याली.

बाईंनी भरसभेत वाहिनीचं चित्र खोटं म्हटलं, हे पेपरात आलं. चार दिवसांत वाहिनीनं त्यांना घरी बसवलं. मला एक कानउघाडणीचं पत्र आलं, तेवढंच. महिन्याभरात बाई मुंबईला गेल्या. जाताना मी स्टँडवर गेलो होतो, बोलायचं ठरवूनच गेलो होतो, पण गाडी लागली आणि राहिलं.

मुंबईत आधी त्या मालिकांमध्ये मदतनीस होत्या. तिथे सासू-सुनांच्या चेहऱ्यावर सावली पडलेली चालायची नाही. यांनी एका सासूच्या अर्ध्या तोंडावर खिडकीच्या गजांची सावली पाडली आणि दिग्दर्शकाच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या महिन्यापासून म्हणे प्रत्येक सासूला ती सावली हवी होती. मग मालिका स्वतंत्रपणे मिळाल्या, मग चित्रपट. नावं वर सरकायला लागली की मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायचो आणि त्यांचं नाव आलं की बायकोला हाक मारायचो. ती येईस्तोवर ते गेलेलं असायचं. आणि दरवेळी मला वाटायचं, या बाईनं माझी नोकरी वाचवली, माझा संसार वाचवला, आणि मी साधे आभारही मानले नाहीत.

वीसेक वर्षं गेली. मी आता बीडला एक साप्ताहिक चालवतो. गेल्या वर्षी बाईंच्या चित्रपटाला मोठा पुरस्कार मिळाला आणि मला राहवेना. मी पानभर लेख लिहिला. 'ते बटण मी दाबलं होतं' असं ठसठशीत शीर्षक दिलं. माझी चूक, माझी भेकडाई, बाईंचं मोठं मन, सगळं लिहून मोकळा झालो. लोकांनी काय कौतुक केलं! फोनवर फोन. अंक पुन्हा छापावा लागला. प्रांजळपणाबद्दल एका संस्थेनं मला शाल-श्रीफळसुद्धा दिलं. त्या लेखाची दुरुस्ती म्हणून हे आज लिहितोय. दुरुस्ती कुणी वाचत नाही, हे संपादक म्हणून मला चांगलं ठाऊक आहे.

कारण त्यानंतर बाई धारूरच्या किल्ल्यात चित्रीकरणाला आल्या आणि मी कात्रण घेऊन मोठ्या उत्साहानं भेटायला गेलो. दुपारची सुटी होती. बाई एका लाकडी खोक्यावर बसून भाकरी खात होत्या. केस पांढरे झालेले, बाकी तशाच. मी कात्रण हातात दिलं. भाकरी बाजूला ठेवून त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"मला म्हाईत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"टीव्हीवर बघितलं तवापासून. पांढरं घ्यायला तुला सांगितलंतं. मग बटन दाबायला काय भूत आलतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "बाई, माझ्यासाठी तुम्ही केवढं..."

"तुझ्यासाठी?" त्यांनी माझ्याकडे अशा नवलानं बघितलं, की मी वाक्य तिथेच सोडलं. "तुझ्यासाठी कशाला करीन रे मी? तू काय माझा भाऊ हायस? जिल्हाभर लोक म्हनत होते, बाई नुसती धरून हुबी ऱ्हाती, बटनं रिपोर्टर दाबतो. त्या दिवशी समद्या गावापुढं मी म्हनले आसते, बटन रिपोर्टरनं दाबलं, तर माझं काय उरलं आसतं? चूक माझी म्हनलं की कॅमेरा बी माझा झाला. नोकरी गेली तर जाऊ दे म्हनलं. तेवढं एक राखलं हुतं मी."

वीस वर्षं मी ज्याचं ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच. आणि ज्यासाठी त्यांनी नोकरी घालवली होती, ते मी ठसठशीत टाइपात छापून जिल्हाभर वाटलं होतं.

बाईंनी कात्रणाची घडी घातली आणि मला परत दिली. आवाज चढवला नाही. "किती लोकांनी वाचलं आसंल रे?"

"फार नाही बाई," मी म्हणालो. "आमचा अंक कोण वाचतं?"

इतक्यात बघ्यांच्या गर्दीतून एक पन्नाशीचे गृहस्थ लगबगीनं आले. धारूरचेच असावेत. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमीच ना हो ते? बाईंचा कॅमेरा चालवायचे ते? आमी वाचलं समदं. घरात कात्रण ठिवलंय. एक फोटो घिऊ का तुमच्यासंगं?"

याही वेळी मी नाही म्हणालो नाही. फोटो काढायला कुणी सापडतंय का म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खोक्यावर बसलेल्या बाईंपुढे आपला फोन धरला. "म्याडम, जरा काढता का?"

बाई उठल्या. हात पॅन्टला पुसले, फोन घेतला, दोन पावलं मागे गेल्या. त्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"रिपोर्टर, हिकडं बघ," बाई म्हणाल्या.

मी बघितलं. त्यांनी फोटो काढला आणि फोन परत केला. ते गृहस्थ लई झ्याक आलाय म्हणाले आणि निघून गेले. इतक्या वर्षांत बाईंनी माझा काढलेला तेवढा एकच फोटो. तो मी अजून पाहिलेला नाही.